सत्कार कुणाचा करायचा ते गावाला विचारा: आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाला खुलं पत्र

आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी संघ, शाळा समितीची सगळी मंडळी आणि हेडसर यांना,

सप्रेम नमस्कार.

मी १९९१ च्या दहावीच्या बॅचची, 'ब' तुकडी. माहेर आपल्या गावातच, सासर मिरजेला, त्यामुळं शाळेच्या बातम्या आता ग्रुपवरच कळतात. परवा अमृतमहोत्सवाचा मेसेज आला, शाळेला ७५ वर्षं होतायत म्हणून समाजासाठी झटणाऱ्या ७५ माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करायचं ठरलंय, वाचून फार बरं वाटलं. कृष्णाकाठच्या एका साध्या खेड्यातल्या शाळेनं हे मनावर घेतलं म्हणून आधी तुमचं मनापासून अभिनंदन. ह्या कामाला किती धावपळ लागते, मंडपवाल्यापासून पाहुण्यांच्या गाडीपर्यंत, ते मला माहीत आहे आणि तुम्ही सगळे हे आपापली कामं सांभाळून करताय.

पण मेसेजच्या खाली जो फॉर्म जोडलाय तो बघून राहवलं नाही. नाव, बॅच, शिक्षण, सध्याचं पद, मिळालेले पुरस्कार, शाळेला दिलेली देणगी, आणि शेवटी पासपोर्ट फोटो आणि वर्तमानपत्राच्या कात्रणांच्या झेरॉक्स जोडा. समाजासाठी काय केलं, कुणासाठी केलं, किती वर्षं करताय याला एकसुद्धा रकाना नाही. हे कुणी मुद्दाम केलंय असं मी अजिबात म्हणत नाही, सत्काराचे फॉर्म सगळीकडे असेच असतात आणि कुठला तरी जुना फॉर्म उचलून आपण वापरतो. पण ह्या फॉर्मनं जी माणसं निवडली जातील ती, आणि मेसेजमध्ये तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंय ती, ह्या दोन वेगळ्या याद्या होणार आहेत. म्हणून हे पत्र, आणि ते खुलं अशासाठी की आपल्या आजूबाजूच्या गावांतल्या बऱ्याच हायस्कुलांचे सुवर्णमहोत्सव, अमृतमहोत्सव ह्या काही वर्षांत येतायत, त्यांनाही वाचता यावं.

कोण सुटणार ते सांगते. नावं घेत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही आणि विचारलं तर ते नकोच म्हणतील, पण गावातल्या माणसाला लगेच कळेल.

ऑगस्ट २०१९ चा पूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटाला इशारा देतात, ४५ ला धोका, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पलूस, मिरज, वाळवा तालुक्यातली नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात. ब्रह्मनाळला, जिथं येरळा कृष्णेला मिळते तिथं, माणसं बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसं गेली, ते आपल्यापैकी कुणीच विसरणार नाही. त्या आठवड्यात आपल्या गावात एनडीआरएफची बोट पोचायच्या आधी आपल्याच शाळेतल्या एका गड्यानं स्वतःच्या गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडली. गुळाची काहील ती, सपाट बुडाची, जरा वजन एका बाजूला गेलं की कलंडणार, आणि हा कमरेला दोर बांधून, दोराचं दुसरं टोक माळवदावरच्या पोरांच्या हातात देऊन एकेका घरातून म्हाताऱ्या माणसांना, बाळंतिणींना, आजाऱ्यांना काढत होता. माझी आई त्यातच बाहेर आली. पाणी ओसरल्यावर लोक घरातला चिखल काढायला लागले तेव्हा हा आणि त्याच्या जोडीची चारपाच पोरं गोठ्यात दावणीला मेलेली जनावरं ओढून बाहेर काढत होते, चुना टाकून पुरत होते, ब्लिचिंग मारत होते, ज्या वासात माणूस उभा राहू शकत नाही त्या वासात. हा माणूस दहावी नापास आहे. तुमच्या फॉर्ममध्ये शिक्षणासमोर तो काय लिहील, पदासमोर काय लिहील? कात्रण तर नाहीच, कारण तेव्हा फोटो काढायला गावात कोरडा मोबाईल शिल्लक नव्हता.

दुसरी आपल्या पुढच्या बॅचची एक मुलगी, शेजारच्या गावात दिलेली, आशा वर्कर आहे. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात एका घरातले पेशंट निघाले आणि सगळ्या राज्याचं लक्ष आपल्या जिल्ह्याकडं लागलं, त्या दिवसांत ही ओढणी तोंडाला बांधून घरोघर सर्व्हे करत होती. लोक दार लावून घ्यायचे, काहीजण घालूनपाडून बोलायचे, मुंबई पुण्याहून आलेल्यांची नोंद घेतली म्हणून भांडायचे. घरी सासू दमेकरी, म्हणून ही कित्येक रात्री पडवीत झोपली. हे झालं कोरोनाचं, पण त्याच्या आधीपासून आणि नंतरही तिचं काम चालूच आहे, टीबीच्या पेशंटनं गोळी घेतली का बघायची, लसीकरणाच्या दिवशी बायांना गोळा करायचं, रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या की १०८ ला फोन लावून स्वतः बरोबर जायचं. आशांना मिळतं ते मानधन, पगार नाही, आणि तेही वेळेवर मिळावं म्हणून त्यांना मोर्चे काढावे लागतात. तिला पुरस्कार मिळाले का विचारलं तर ती म्हणेल मिळाला की एकदा, तालुक्याला बोलावून गुलाबाचं फूल दिलं होतं.

तिसरा वीज मंडळात वायरमन आहे, त्याच्याबद्दल थोडक्यात एवढंच की वादळात तारा पडल्यावर आपली ड्युटी आहे का हे न बघता तो निघतो, आणि गेली कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी ऊसतोडीच्या कोप्यांवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्यांवर, जाऊन तिथल्या पोरांना अक्षरओळख शिकवतो. हंगामात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बीडकडची ती माणसं आपल्या शिवारात राहतात, त्यांची पोरं ना तिथल्या शाळेत ना इथल्या. ह्यानं त्यातल्या काहींना आपल्या मराठी शाळेत नेऊन बसवलं. त्या पोरांच्या आईबापांचं मत आपल्या गावात नाही, जात आपल्या गावकीत नाही, म्हणजे ह्या कामातून त्याला मिळण्यासारखं काहीसुद्धा नाही, आणि तरी तो जातोय.

अशी माणसं प्रत्येक बॅचमध्ये आहेत. ती स्वतः अर्ज करणार नाहीत. म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी ही आहे की अर्ज मागवणं बंद करा आणि शोधायला निघा.

कसं शोधायचं ते पण सुचवते. आपल्या नववीच्या पोरांना एका शनिवारी वहीचं एक पान घेऊन गल्लोगल्ली पाठवा, आसपासच्या ज्या वाड्यावस्त्यांवरनं पोरं आपल्या शाळेत येतात तिथंही. प्रत्येक घरात एवढंच विचारायचं की अडीअडचणीला तुमच्याकडं कोण धावून आलं, काय केलं, आणि ते माणूस आपल्या शाळेत शिकलेलं आहे का. जे नाव वेगवेगळ्या गल्लीतनं, एकमेकांशी नातं नसलेल्या घरातनं येईल त्याचा विचार करा. मग दोन शिक्षक आणि दोन माजी विद्यार्थी जाऊन खात्री करून येतील. गावात कोण काय करतं हे डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या बायकांना, सोसायटीच्या शिपायाला, एसटीच्या कंडक्टरला जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याच फायलीत नसतं, तर त्यांनाही विचारा. पोरांनाही ह्यातनं कळेल की आपल्या शेजारी कोण राहतं.

आणि ७५ चा आकडा भरायचाच असं डोक्यात धरू नका. खरी १९ नावं मिळाली तर १९ करा. आकडा भरायला गेलो की शेवटच्या आठवड्यात फोनाफोनी होते, कुणाचा तरी पाहुणा घाला, कुणाची तरी नाराजी नको, आणि मग सगळ्या यादीचंच मोल जातं.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या पदावर गेलेल्यांचं काय. आपल्या शाळेचे विद्यार्थी अधिकारी झाले, पुण्यात मोठे डॉक्टर झाले, अमेरिकेत जर्मनीत गेले, त्यांनी कष्ट केलेत, कुणाच्या घरात लाईट नव्हती, कुणी ऊसाच्या सऱ्या ओढून फी भरली, त्यांचा अभिमान आम्हाला पण आहे. त्यांचा गुणगौरव वेगळा करा, जोरात करा. पण समाजसेवेचा सत्कार पदाला द्यायचा नसतो, कामाला द्यायचा असतो. त्यांच्यातला कुणी डॉक्टर दर महिन्याला गावात येऊन फुकट तपासत असेल तर त्याचं नाव ह्याही यादीत येऊ दे, पण ते तपासण्यासाठी येऊ दे, डिग्रीसाठी नको.

आपल्याच भागातलं उदाहरण आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले, मग सांगलीचं विलिंग्डन कॉलेज, मग मिरजेला मेडिकल. कबड्डीचे नावाजलेले खेळाडू. चालती डॉक्टरकी बाजूला ठेवून ते कामात उतरले, १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, साताऱ्यात व्यसनमुक्तीसाठी 'परिवर्तन' ही संस्था सुरू केली, गावोगाव एसटीनं फिरले आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या वर्षी त्यांनी डॉक्टरकी सोडली त्या वर्षी तुमचा हा फॉर्म त्यांच्यापुढं ठेवला असता तर 'सध्याचं पद' हा रकाना त्यांनी कसा भरला असता? काम सुरू असतानाच माणूस ओळखायचा असतो. सगळ्या देशाला कळल्यावर शाळेनं सत्कार केला तर त्यात शाळेनं काय ओळखलं.

उशिरा ओळखण्याची तर आपल्याकडं मोठी कथा आहे. कराडच्या टिळक हायस्कूलनं यशवंतराव चव्हाण दिले आणि त्याच शाळेनं खाशाबा जाधव दिले. गोळेश्वरचे खाशाबा, १९५२ ला हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताला कुठल्याही खेळाडूनं एकट्याच्या जोरावर आणून दिलेलं पहिलं ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावानं वर्गणी काढली होती, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर सरांनी स्वतःचं घर सात हजाराला गहाण टाकलं होतं. पदक घेऊन आले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, म्हणजे गावाला कळलं होतं. आणि खाशाबांनी काय केलं, कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले आणि तो पैसा खर्डेकर सरांना नेऊन दिला, घर सोडवून दिलं. मला पदकापेक्षा हे मोठं वाटतं. पण सरकार दरबारी काय झालं, पोलिसात नोकरी केली, १९८४ ला अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. गोळेश्वरच्या बैलगाडीवाल्यांना जे त्याच दिवशी समजलं ते दिल्लीला समजायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. आपली शाळा गोळेश्वरसारखी वागावी एवढंच माझं म्हणणं आहे.

आता देणगीचा रकाना. ह्यावर जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. शाळा चालवायला पैसा लागतो, वेतनेतर अनुदान किती तुटपुंजं येतं, लाईट बिल कसं भरता, पुरानंतर बाकं कशी आणली, हे सगळं हेडसरांनी मागं एकदा सांगितलं होतं. ज्यांनी पैसे दिले, आरओ बसवला, पेव्हर ब्लॉक घातले, संगणक दिले त्यांचे उपकार आहेतच. त्यांच्या नावाचा बोर्ड लावा, आभाराचा वेगळा कार्यक्रम ठेवा. पण तो आणि हा एकत्र केला की स्टेजसमोर बसलेल्या पोरांच्या मनात काय पक्कं होतं, की शाल पाहिजे असेल तर चेक लागतो. आणि त्याच पोरांचे आईबाप द्राक्षाच्या बागेत रोजानं जातात.

आपल्या भागातल्या शाळा कशावर उभ्या राहिल्यात ते आठवा. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, पुढं १९२४ ला साताऱ्याला आणली. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटाला नाही म्हणल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आणि मुष्टिफंड, म्हणजे घराघरातल्या बाईनं रोजच्या दळणातली, धान्यातली एक मूठ बोर्डिंगच्या पोरांसाठी बाजूला काढून ठेवायची. त्या बायकांची नावं कुठल्या बोर्डावर आहेत? कुणी लिहून घेतली असतील का? माझी आजी सांगायची की तिच्या आईनं अशी मूठ काढलेली आहे, तिला स्वतःला सहीसुद्धा येत नव्हती. देणगीचा रकाना ठेवायचाच असेल तर त्या मुठीला त्यात जागा असायला पाहिजे आणि ती रुपयात लिहिता येत नाही, म्हणून म्हणते तो रकाना ह्या फॉर्ममधनं काढा.

पुढचा मुद्दा माझ्या मनाला सगळ्यात लागलेला आहे, मुलींचा. मागच्या सुवर्णमहोत्सवात जे सत्कार झाले त्याचा ग्रुप फोटो अजून ऑफिसात लावलेला आहे. त्यात बायका दोन, त्यातल्या एक आपल्या बाई, म्हणजे शिक्षिका. माजी विद्यार्थिनी एकच. आमच्या 'ब' तुकडीत निम्म्या मुली होत्या. त्या गेल्या कुठं? लग्न होऊन गेल्या, आडनाव बदललं, कितीजणींचं तर नावच बदललं सासरी, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्या अजून माहेरच्या नावानं बसल्यात. संघाच्या सभासद यादीत त्या नाहीत कारण यादी गावात राहणाऱ्या पुरुषांनी आपापल्या मित्रांची केली, त्यात वाईट हेतू काही नव्हता, पण मुली राहिल्या त्या राहिल्याच. आज त्यातल्या कुणी बचत गट चालवतायत, कुणी अंगणवाडीत आहेत, कुणी दारूबंदीसाठी गावात आडव्या बाटलीचं मतदान घडवून आणलंय, कुणी ग्रामपंचायतीत निवडून जाऊन स्वतःच्या सहीनं कारभार करतायत. आपल्या शाळेचं त्यात काही आहे हे ना त्यांच्या सासरच्या गावाला माहीत, ना आपल्या गावाला.

रजिस्टरची किंमत काय असते हे साताऱ्यानं दाखवलंय. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथल्या सरकारी हायस्कूलात, आताचं प्रतापसिंह हायस्कूल, एका मुलाचं नाव दाखल झालं, रजिस्टरमध्ये १९१४ नंबरला, भिवा रामजी आंबेडकर. ते रजिस्टर शाळेनं जपलं, आणि आता तो दिवस २०१७ पासून सगळ्या महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेनं नोंद नीट ठेवली म्हणून एवढं झालं.

आपल्या रजिस्टरांचं सांगते. २०१९ च्या पुरात ऑफिसात पाणी शिरलं तेव्हा खालच्या कप्प्यातली सगळी रजिस्टरं भिजली होती. शिपाईमामांनी ती टेकाडावरच्या भावाच्या घरी नेली, पानं एकमेकांना चिकटलेली, एकेक पान पातळ काडीनं सोडवून, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून, पंख्याखाली वाळवली. ऑगस्ट सप्टेंबरच्या दमट हवेत ह्याला किती दिवस लागले असतील विचार करा, आणि त्यांच्या स्वतःच्या घराची एक भिंत पडली होती तेव्हा. हजारो पोरांचे दाखले, जन्मतारखा, जातीच्या नोंदी त्यामुळं वाचल्या, आज कुणालाही जातीच्या दाखल्यासाठी बापाचा आजोबाचा शाळेचा उतारा लागतो तो त्यामुळं मिळतो. शिपाईमामा आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी आहेत, सातवी-आठवीपर्यंत का होईना, पण आहेत. सत्काराच्या दिवशी ते सतरंज्या उचलत असणार आणि खुर्च्या मांडत असणार. माझ्या यादीत पहिलं नाव त्यांचं आहे.

तारखेचं पण बघा. तुम्ही २६ जानेवारी ठरवलीय. त्या दिवशी गावातले लोक येतील, पुण्याचे गाडी काढून येतील, पण माहेरवाशिणी येणार नाहीत, प्रत्येकीच्या पोरांच्या शाळेत झेंडावंदन असतं, ज्या अंगणवाडीत शाळेत कामाला आहेत त्यांना तर हलताच येत नाही. कार्यक्रम दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घ्या. वर्षातला तो एक दिवस असा असतो की गावातली जवळजवळ प्रत्येक मुलगी गावात असते. शिक्षकांच्या सुट्टीतला एक दिवस जाईल, त्याबद्दल त्यांची आधीच माफी मागते, पण पन्नास-साठ वर्षांच्या विद्यार्थिनी एकत्र आलेल्या शाळेनं कधी बघितलेल्याच नाहीत.

राजकारणाचं न बोलता पुढं जाणं बरोबर नाही. आपल्याकडं कुठलंही काम काढलं की हा कुठल्या गटाचा, तो कुठल्या पॅनेलचा, हे पहिलं येतं. माझी विनंती अशी की आत्ता कुठल्या पदावर असलेल्या किंवा येत्या निवडणुकीत उभं राहायच्या तयारीत असलेल्या कुणाचंही नाव ह्या यादीत घेऊ नये. त्यांनी काम केलं नसेल असं नाही, काहींनी खूप केलंय. पण कार्यक्रम झाल्यावर लोकांनी कामावर बोलावं, गटावर नको. आणि प्रमुख पाहुण्यांना बोलवायचंच तर बोलवा, पण शाल त्यांच्या हातनं नको. ज्या माणसासाठी काम झालं त्याच्या हातनं द्या. काहीलवाल्याला शाल माझ्या आईनं घालावी, ती अजून चालतीबोलती आहे. आशाताईला, तिनं कळा सुरू झाल्यावर बरोबर जाऊन सांभाळलेली एखादी बाई घालेल. असं केलं की आपोआप भाषणं छोटी होतात, कारण सांगायचं ते समोर उभं असतं.

शाल, फेटा, श्रीफळ ह्याला माझी ना नाही, आपली रीत आहे, आणि ज्याला आयुष्यात कुणी फेटा बांधला नाही त्याला तो बांधलाच पाहिजे. पण त्या ट्रॉफ्या नकोत. त्याऐवजी जो पैसा वाचेल त्यातनं त्या कामाला काही द्या. आपल्याकडं सामाजिक कृतज्ञता निधी आहे, दाभोलकरांसारखी मंडळी त्यात होती, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले ह्यांच्यासारख्या नटांनी गावोगाव नाटकाचे प्रयोग करून त्यासाठी पैसा उभा केला आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा थोडंसं मानधन सुरू केलं, की बाबांनो तुम्ही आमच्या वाटणीचं काम करताय, घर चालायला एवढं घ्या. आपण तेवढं नाही करू शकत. पण वायरमन शिकवतो त्या पोरांसाठी पाट्या, वह्या आणि एक कपाट देऊ शकतो. काहीलवाल्या गड्याच्या टीमला लाईफ जॅकेट, दोर, मोठ्या बॅटऱ्या देऊ शकतो, २०२१ ला परत पाणी आलं होतं आणि पुढंही येणार आहे. दहा लाईफ जॅकेट शाळेच्या माळ्यावर ठेवली तरी ती गावाची झाली.

आणि सत्कार झाला की ह्या माणसांना लगेच जेवायला घालून घरी पाठवू नका. आठवी नववीच्या पोरांच्या बरोबर त्यांना तासभर वर्गात बसवा, स्टेज नाही, माईक नाही. पाण्यात दोर कसा बांधायचा, रात्री बाई अडली तर पहिला फोन कुठं करायचा, टीबीची गोळी मध्येच सोडली तर काय होतं, रजिस्टर कसं वाळवायचं. कडेगाव तालुक्यात मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि सगळं गाव दीड तास टीव्ही मोबाईल बंद ठेवतं, पोरं अभ्यासाला बसतात. ते काही वरनं आदेश येऊन झालं नाही, गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन पटवलं. ते कसं पटवलं, पहिल्या आठवड्यात लोक काय म्हणाले, हे पोरांनी अशा माणसांच्या तोंडून ऐकायला पाहिजे. त्या तासाला पोरांनी जे लिहून घेतलं ते त्यांच्याच अक्षरात, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, व्हरांड्यात लावा. स्मरणिकेतल्या शुभेच्छा संदेशांची पानं थोडी कमी केली तर ते छापताही येईल.

जे गेले त्यांचाही विचार व्हावा. आमच्या वर्गातला एकजण दुसऱ्या लाटेत गेला, किराणा दुकान होतं, लॉकडाऊनमध्ये कोप्यांवर पिठाची पोती पोचवत होता, उधारीच्या वहीची काही पानं त्यानं त्या वर्षी फाडून टाकली असं त्याची बायको सांगते. ती आता दुकान बघते. तिला बोलवा, पण 'मरणोत्तर' म्हणून दोन मिनिटं उभं राहून मोकळं होऊ नका, त्याचं काम काय होतं ते पूर्ण सांगा.

तर मंडळी, फॉर्मची शेवटची तारीख ह्या महिनाअखेर आहे, ती महिनाभर पुढं ढकला आणि तोवर आलेले फॉर्म गुणगौरवाच्या यादीत ठेवा, कुणाचा अर्ज वाया जायला नको. नववीच्या पोरांच्या फेरीसाठी हेडसरांनी एक शनिवार द्यावा. मुलींची नावं काढायचं काम माझ्याकडं द्या, मी आणि मिरजेत सांगलीत असलेल्या आमच्या बॅचच्या मैत्रिणी मिळून येतो, १९८० ते २००० पर्यंतच्या रजिस्टरातली नावं उतरवून घेतो आणि कोण कुठं दिलीय ते भावांना, भावजयांना, शेजारणींना विचारून शोधतो, माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहिलेली यादी तुम्हाला देतो. त्यासाठी रजिस्टर बघायची परवानगी तेवढी लेखी पाहिजे, आणि शिपाईमामा हजर असतील असा वार सांगा कारण त्यातली भिजलेली पानं उलटायची कशी ते त्यांनाच माहीत आहे.

संघाची पुढची बैठक कधी आहे ते ग्रुपवर टाका. मी येते आहे.

तुमची,
१९९१, दहावी 'ब' ची एक माजी विद्यार्थिनी
(सासर मिरज)